विश्लेषण : दोन्ही सायलेन्सर गरम, तरी एक सिलिंडर बंद? मोटरसायकलचा ‘क्रॉसओव्हर पाइप’ काय करतो आणि कुठे बिघडतो?

दोन सिलिंडरची मोटरसायकल चालता चालता मंदावते. पिकअप जातो, हँडल थरथरू लागतं. रायडर गाडी बाजूला घेतो आणि मागे जाऊन दोन्ही सायलेन्सरजवळ हात धरतो. दोन्हींमधून गरम हवा येत असते. म्हणजे दोन्ही सिलिंडर चालू आहेत, पेट्रोलमध्ये काहीतरी कचरा असेल, असं समजून तो पुढे निघतो.

इथेच गफलत होते. एक सिलिंडर पूर्ण बंद असला तरीही दोन्ही सायलेन्सरमधून गरम हवा येऊ शकते. कारण इंजिनाच्या खालच्या बाजूला दोन्ही पाइपांना जोडणारी एक आडवी नळी असते. तिचं नाव क्रॉसओव्हर पाइप. काही जण तिला बॅलन्स पाइप म्हणतात, आकारावरून ‘एच पाइप’ही म्हणतात. वीतभर लांबीची ही नळी सहसा कुणाच्या नजरेत भरत नाही. पण ती बिघडली की अ‍ॅव्हरेज कमी होतं, आवाज बदलतो आणि दोष भलत्याच पार्टवर जातो.

ही नळी काय करते, तिचे नेहमीचे बिघाड कोणते आणि ते घरच्या घरी कसे ओळखायचे, हे समजून घेऊया.

लोणारच्या रस्त्यावर हा विषय का?

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार उल्कापातातून तयार झालेल्या सरोवरासाठी जगभर ओळखलं जातं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर बेसाल्ट खडकात आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं आणि लोणार पुन्हा चर्चेत आलं. बाइकवरून भटकणाऱ्यांच्या यादीत हे ठिकाण असतंच.

समृद्धी महामार्ग बुलढाणा जिल्ह्यातूनच जातो, पण त्यावर दुचाकींना प्रवेश नाही. त्यामुळे लोणारला येणारा बाइकस्वार जालना-सिंदखेड राजा किंवा मेहकर बाजूच्या जुन्या रस्त्यांनीच येतो. प्रत्येक गावाला गतिरोधक, पावसाळ्यात काळी चिकट माती, उन्हाळ्यात चाळिशीपार तापमान. इंजिनाच्या तळाशी असलेल्या कोणत्याही पार्टची इथे कसोटी लागते.

आणखी एक अडचण आहे. तालुक्याच्या गॅरेजमध्ये रोज येतात त्या १०० ते १५० सीसीच्या, एका सिलिंडरच्या गाड्या. त्यांना क्रॉसओव्हर पाइप नसतोच. मेकॅनिक कितीही हुशार असला तरी जो पार्ट रोज हाताखालून जात नाही, त्याचा बिघाड चटकन लक्षात येत नाही. म्हणून गाडीच्या मालकालाच याची माहिती असलेली बरी.

हा पाइप कोणत्या गाडीत असतो?

साधा नियम असा : सिलिंडर दोन आणि सायलेन्सरही दोन असतील, तर बहुतेक वेळा क्रॉसओव्हर असतो.

आपल्याकडचं सर्वांत ओळखीचं उदाहरण म्हणजे रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर ६५० आणि कॉन्टिनेंटल जीटी ६५०. या दोन्ही गाड्या नोव्हेंबर २०१८ मध्ये भारतीय बाजारात आल्या. ६४८ सीसीचं इंजिन, शेजारी-शेजारी दोन सिलिंडर, दोन बेंड पाइप, दोन सायलेन्सर आणि मधे जोडनळी. पुढे सुपर मिटिऑर ६५०, शॉटगन ६५० यांनाही हेच इंजिन मिळालं.

फक्त सायलेन्सर मोजून मात्र अंदाज बांधू नका. जुन्या जावा-येझदी २५० ला दोन सायलेन्सर होते, पण सिलिंडर एकच. एकाच सिलिंडरमधून दोन पाइप निघत. याउलट कावासाकी निन्जा ३०० किंवा यामाहा आर-३ ला सिलिंडर दोन, पण सायलेन्सर एक. तिथे दोन्ही पाइप पुढे जाऊन कायमचेच एक होतात. त्यामुळे वेगळ्या जोडनळीची गरज उरत नाही.

बुलेट ३५०, पल्सर, स्प्लेंडर, ड्यूक ३९० या सगळ्या एका सिलिंडरच्या गाड्या. ‘यात क्रॉसओव्हर बसवून देतो, पॉवर वाढेल,’ असं कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. जोडायला दुसरा पाइपच नाही.

तो नेमकं काय काम करतो?

फोर-स्ट्रोक इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांमध्ये एकदाच धूर बाहेर फेकतो. इंजिन ६,००० आरपीएमवर असेल, तर एक सिलिंडर सेकंदाला ५० वेळा धूर सोडतो. हा धूर सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो.

डाव्या सिलिंडरचा धक्का येतो, तेव्हा उजवा सिलिंडर बहुतेक दुसऱ्याच कामात असतो. म्हणजे उजवा सायलेन्सर त्या क्षणी जवळपास रिकामा. मधे नळी असेल तर डाव्या धक्क्याचा काही भाग उजवीकडे वळतो. पुढच्या वेळी उलट. अशा रीतीने प्रत्येक सिलिंडरला दीड-दोन सायलेन्सर वापरायला मिळाल्यासारखं होतं.

त्याचे तीन फायदे.

एक, आवाज कमी होतो. एका मोठ्या धक्क्याऐवजी प्रत्येक सायलेन्सरला दोन लहान धक्के मिळतात.

दोन, धूर कमी अडतो. त्यामुळे सायलेन्सर लहान ठेवूनही इंजिनाचा श्वास कोंडत नाही.

तीन, मधल्या आरपीएममध्ये ओढ सुधारते. शहरात आणि घाटात आपण गाडी याच टप्प्यात चालवतो.

पाइपची रचना बदलली की इंजिनाचा स्वभाव बदलतो, याचा पुरावा एनफील्डच्याच घरात आहे. इंटरसेप्टरचा टॉर्क सुमारे ५२ न्यूटन मीटर. त्याच ६४८ सीसी इंजिनावरच्या बेअर ६५० मध्ये दोन्ही पाइप एकाच सायलेन्सरमध्ये नेले आहेत आणि तिचा टॉर्क ५६.५ न्यूटन मीटर आहे. त्यासाठी ट्यूनिंगही बदललं जातं, हे खरं. पण पाइप म्हणजे नुसता धूर सोडायचा मार्ग नव्हे, हे यावरून कळतं.

ही कल्पना नवी नाही. ब्रिटनच्या ट्रायम्फ बॉनेव्हिलवर १९६९ च्या मॉडेलमध्ये दोन पाइपांना जोडणारी नळी आली होती.

बिघाड पहिला : जोडातून गळती

सर्वांत जास्त आढळणारा बिघाड हाच. पाइप जिथे पाइपला मिळतो, तिथे क्लॅम्प आणि पॅकिंग असतं. इंजिन हेडला बेंड पाइप मिळतो तिथेही पॅकिंग असतं. ते एकदा दाबलं गेलं की त्याचा आकार कायमचा बदलतो. पाइप काढून तेच पॅकिंग पुन्हा बसवलं तर गळती ठरलेली.

लक्षणं अशी : सकाळी थंड गाडी सुरू केली की खालून ‘फट-फट’ किंवा ‘टिक-टिक’ असा आवाज येतो आणि गाडी तापली की तो कमी होतो. कारण तापल्यावर धातू प्रसरण पावतो आणि फट भरून निघते. जोडाभोवती काळी काजळी दिसते. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके वाजतात.

अनेकांना हे फटाके आवडतात. पण नवे सायलेन्सर न लावता अचानक फटाके सुरू झाले असतील, तर आधी गळती शोधा. फटीतून ताजी हवा आत जाते आणि गरम पाइपमधलं न जळलेलं पेट्रोल तिथेच पेटतं.

गळतीने अ‍ॅव्हरेज का पडतं?

धूर बाहेर जातो, मग हवा आत कशी येते? दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी पाइपमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली येतो. त्या क्षणी फटीतून हवा आत ओढली जाते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. या गाड्यांमध्ये धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. गळती सेन्सरच्या आधी किंवा अगदी जवळ असेल तर त्याला जास्त ऑक्सिजन दिसतो. ईसीयूला वाटतं, पेट्रोल कमी पडतंय. तो पेट्रोल वाढवतो. प्रत्यक्षात इंजिनात पेट्रोल पुरेसंच असतं. परिणाम काय, तर अ‍ॅव्हरेज कमी, प्लग काळे, कधी कधी मीटरवर इंजिनाचा दिवा.

मग मालक इंजेक्टर साफ करतो, प्लग बदलतो, एअर फिल्टर बदलतो. दोष असतो तो एका पॅकिंगचा. म्हणून अशा तक्रारीत पहिली तपासणी जोडांची करायला सांगा.

बिघाड दुसरा : आतून गंज

लोणारचं पाणी खारट आणि क्षारयुक्त आहे. तिथे गाडी नेल्याने पाइप गंजतो का? सरोवराच्या पाण्यापर्यंत पायीच उतरावं लागतं, गाडी वर काठावर राहते. समुद्रकिनाऱ्यासारखे खारे तुषार गाडीवर येत नाहीत. पाइपचा खरा शत्रू त्याच्या आतच असतो.

एक लिटर पेट्रोल पूर्ण जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो, ते हे पाणी. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. पण दूध-भाजी आणायला दोन किलोमीटर गाडी नेऊन बंद केली, तर वाफेचं पाणी होऊन ते पाइपच्या सखल भागात साचतं. क्रॉसओव्हर बहुतेक गाड्यांमध्ये सखल भागातच असतो.

बाहेरून क्रोम चकाकत असतं आणि आतून धातू पातळ होत जातो. वरून काळी माती चिकटलेली असेल तर ओल आणखी टिकते. वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याने धुतल्यावर गाडी लगेच झाकून ठेवू नका. दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. आठवड्यातून एकदा तरी गाडी पूर्ण तापेल इतकी चालवा.

पाइपवर निळसर-सोनेरी छटा आली तर तो गंज नव्हे, उष्णतेने आलेला रंग आहे. दोन्ही पाइपांवर सारखा असेल तर चिंता नको. एकच पाइप जास्त निळा झाला असेल, तर दोन्ही सिलिंडरचं काम सारखं चाललेलं नाही, असा संशय घ्या.

बिघाड तिसरा : वेल्डिंगला तडा

लोखंडी पाइपची लांबी ६० सेंटीमीटर धरली आणि तापमान ४०० अंशांनी वाढलं, तर तो सुमारे ३ मिलिमीटर लांब होतो. स्टेनलेस स्टीलचा असेल तर आणखी जास्त. गाडी सुरू केली की लांबणार, बंद केली की आखडणार. क्रॉसओव्हर दोन्ही पाइपांना धरून असल्याने हा ताण त्याच्या जोडांवर येतो.

पाइप बसवताना चूक झाली असेल तर ताण वाढतो. एका बाजूचे बोल्ट आधी पूर्ण आवळले आणि दुसरी बाजू ओढून-ताणून बसवली, तर पाइप कायम पिळलेला राहतो. योग्य पद्धत अशी : सगळे बोल्ट आधी सैल लावायचे, दोन्ही बाजू जागेवर आणायच्या, मग इंजिन हेडपासून सुरुवात करून मागे सायलेन्सरपर्यंत आवळत जायचं.

तडा गेलाच तर पाइप गाडीवरून काढूनच वेल्डिंग करा. गाडीवर ठेवून केलं तर ईसीयू आणि वायरिंगला धोका असतो. क्रोम घासून काढल्याशिवाय वेल्डिंग करू नये, त्याचा धूर विषारी असतो. आणि नळाची गळती बुजवायला वापरतात ते घरगुती सील इथे चालत नाही. काही किलोमीटरमध्येच ते जळून पडतं.

बिघाड चौथा : खालून मार

उंच गतिरोधक, रस्त्यावरचा दगड, डबलसीट आणि मागे सामान. गाडी दबते आणि तळाचा पाइप घासतो. लहानसा पोचा आला तर फरक पडत नाही. पण नळी चेपून अर्धी झाली, तर जोडाला हिसका बसलेला असतो आणि धुराची वाट अरुंद झालेली असते. लांबच्या प्रवासानंतर एकदा खाली वाकून पाहण्याची सवय लावा. दोन मिनिटांचं काम आहे.

घरी कसं तपासायचं?

आधी सुरक्षितता. या चाचण्या मोकळ्या जागेतच करा. बंद खोलीत किंवा दार लावलेल्या शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि तो जीव घेतो. तापलेल्या पाइपला हात लावू नका.

१. एक सिलिंडर बंद आहे का? गाडी पूर्ण थंड असताना सुरू करा. एखाद्या मिनिटाने दोन्ही बेंड पाइपांवर, इंजिनातून पाइप निघतो अगदी तिथे, पाण्याचे दोन-दोन थेंब टाका. चालू सिलिंडरच्या पाइपवर थेंब चुर्रकन उडतील. बंद सिलिंडरच्या पाइपवर तसेच राहतील. पाइप दुहेरी भिंतीचा असेल तर थोडा जास्त वेळ द्या. तपासणी क्रॉसओव्हरच्या वरच्या बाजूलाच करायची. मागे सायलेन्सरजवळ नाही, कारण तिथे धूर मिसळलेला असतो.

२. नळी मोकळी आहे का? इंजिन थंड असताना सुरू करा. जाड हातमोजे घालून ओल्या जाड कापडाने एका सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंद झाका. नळी मोकळी असेल तर इंजिन चालू राहील आणि दुसऱ्या सायलेन्सरचा जोर वाढलेला जाणवेल. इंजिन लगेच गुदमरलं तर नळीत अडथळा असू शकतो.

३. गळती कुठे आहे? थंड पाइपच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा, गाडी सुरू करा. बुडबुडे येतील तिथे फट.

जुन्या पद्धतीने चालू गाडीची प्लग कॅप उपसून पाहू नका. आजच्या इग्निशनचा झटका जोरात बसतो आणि कॉइल, ईसीयू खराब होऊ शकतात.

एक सिलिंडर बंद ठेवून घरी पोहोचलो तर?

गाडी चालते, म्हणून अनेक जण तशीच रेटतात. पण बंद सिलिंडर पेट्रोल ओढतच असतो आणि न जाळता पाइपमध्ये फेकत असतो. हे कच्चं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. कन्व्हर्टर प्रमाणाबाहेर तापतो, आतली जाळी वितळते आणि धुराची वाट बंद होते. प्लग किंवा वायरचं किरकोळ काम मग मोठ्या खर्चावर जातं. पेट्रोलचा उग्र वास, थरथर आणि गेलेला पिकअप ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली, तर गाडी थांबवा आणि उचलून नेण्याची सोय करा.

क्रॉसओव्हर काढून टाकला तर पॉवर वाढते का?

बाजारात क्रॉसओव्हर नसलेले बेंड पाइप मिळतात. गाडी हलकी होते, आवाज मोठा होतो. मोठा आवाज म्हणजे जास्त पॉवर, असा समज होतो. प्रत्यक्षात ईसीयूचं ट्यूनिंग जुन्या रचनेला धरून केलेलं असतं. नळी काढली की मधल्या टप्प्यातली ओढ कमी होण्याचीच शक्यता जास्त. ऑक्सिजन सेन्सरसाठी जागा नसलेला पाइप असेल, तर मीटरवरचा दिवा विझणार नाही. वॉरंटीचाही प्रश्न येतो.

आणि कायदा आहेच. केंद्रीय नियमांनुसार ८० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलला ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७ आणि त्यापुढे ८० डेसिबल ही उत्पादनाच्या टप्प्यावरची आवाजाची मर्यादा आहे. डेसिबलचं गणित सरळ नसतं : ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाज आणि प्रदूषणाची मानकं मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स निलंबित होण्याची तरतूद आहे. जागेवर भरायचं तडजोड शुल्क राज्य सरकार ठरवतं. पुणे, नागपूरसह अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडले आहेत.

लोणारच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सरोवराचा परिसर वन्यजीव अभयारण्य आहे. विवर वाटीसारखं असल्याने काठावरचा आवाज आत घुमतो. तिथले मोर आणि पाणपक्षी तुमच्या सायलेन्सरचा आवाज ऐकायला आलेले नसतात.

जुनी गाडी घेताना काय पाहाल?

– गाडी थंड असतानाच बघायला जा. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर गळतीचा आवाज लपतो.
– क्रॉसओव्हरच्या जोडांवर काजळी, नवं वेल्डिंग किंवा सिल्व्हर पेंट आहे का, ते पाहा.
– बेंड पाइप मूळ कंपनीचे आहेत का? बदलले असतील तर मूळ पाइप मागून घ्या.
– हेडजवळचे नट गंजून गोल झाले असतील तर किंमत ठरवताना ते धरा. गंजलेला स्टड हेडमध्ये तुटला तर काम वाढतं.
– असे नट सोडवायचे असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गरम इंजिनावर पाना लावून जोर करू नका.

थोडक्यात

अ‍ॅव्हरेज पडलं, फटाके वाजू लागले, गाडी मिसिंग करू लागली, तर महागडे पार्ट बदलण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या : जोडाचं पॅकिंग आणि बेंड पाइपचं तापमान. पाइप जेव्हा जेव्हा उतरवाल, तेव्हा पॅकिंग नवीन घाला. आणि एक सिलिंडर बंद आहे की नाही, हे सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून ठरवू नका.